मदत हवी आहे: सोफ्याखालचा चपटा सबवूफर घुमतोय, ब्रेस कुठे देऊ?

खर्जवेडा: सोफ्याखाली सरकवायला चपटा सबवूफर (खर्जाचा स्पीकर) केलाय. १८ मिमी एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंची फळी), बंद डबा, बाहेरून ९० × ४५ × १६ सेंमी. आवाज जरा वाढवला की डबाच घुमायला लागतो. वरच्या फळीवर रुपयाचं नाणं ठेवलं तर कुडकुड करत कडेपर्यंत सरकतं. आत ब्रेस, म्हणजे आधाराचे तुकडे, कुठे आणि किती द्यायचे तेवढं सांगा. शनिवारी मिस्त्री येतोय.

रंधा: ड्रायव्हर (डब्यात बसवलेला स्पीकर) किती इंची? तोंड कुठल्या बाजूला? सगळं चिकटवून टाकलंय की एखादी फळी निघते? यातलं काहीच लिहिलं नाहीत, सांगणार कसं?

रत्नागिरी_हापूस: एमडीएफ घेतलंतच कशाला! आमच्याकडे पावसाळ्यात त्याच्या कडा पावासारख्या फुगतात. आयएस ७१० शिक्क्याचं, पाण्याला टिकणारं मरीन प्लाय आणा आणि सगळा डबा नव्याने करा.

खर्जवेडा: नव्याने करणार नाही. १० इंची आहे, कारमधला, तोंड खाली. खालची फळी स्क्रूवर आहे.

दणदणाट: सोपं आहे. वरून आणखी एक १८ मिमी फळी चिकटवा. जाडी दुप्पट म्हणजे ताठपणा आठपट. विषय संपला.

रंधा: सोफ्याखाली तेवढी जागा आहे का, ते आधी विचारा की! आत उंची जेमतेम १२.४ सेंमी आहे, तिथे खांबच द्यायचे. ४ × ४ सेंमीचे सागवानी तुकडे. आतला दाब वाढला की वरची फळी वर आणि खालची खाली ढकलली जाते, खांब दोघींना एकमेकींशी बांधून ठेवतो. म्हणून नुसता ठोकून बसवलेला खांब बिनकामाचा. वर फेव्हिकॉल आणि स्क्रू, खाली नुसता स्क्रू, म्हणजे फळी निघती राहील. आधाराशिवायचा गाळा दोन्ही दिशांनी अर्धा झाला की फळीच्या कंपनांचा सूर साधारण चौपट वर जातो, खर्जापासून लांब. खांब बरोबर मध्यावर मात्र नको, थोडा सरकवून द्या, नाहीतर दोन्हीकडचे गाळे एकाच सुरात वाजतील.

दणदणाट: आणि खांबांनी डब्यातल्या हवेचे लिटर खाल्ले त्याचं काय?

रंधा: आत ४४ लिटर आहेत. असा एक खांब पाव लिटरही खात नाही.

शेजारधर्म: खालच्या मजल्यावर कोणी राहतं का? खाली तोंड म्हणजे सगळा दणका स्लॅबमध्ये. जाड रबरी पाय लावाच.

तारयंत्र: थांबा जरा. या ड्रायव्हरची बसवायची खोली किती, म्हणजे फळीपासून तो आत किती जातो? मॅग्नेटच्या मागे भोक आहे का?

खर्जवेडा: १३ सेंमी लिहिलंय. भोक आहे, जाळीचं, साधारण ३ सेंमी. पण मी ब्रेसचं विचारलं होतं.

तारयंत्र: ब्रेसच्या आधी हेच बघा. खालच्या फळीच्या बाहेरच्या अंगापासून वरच्या फळीपर्यंत १४.२ सेंमी. त्यातून १३ गेले, भोकासमोर उरले १.२. कोन (ड्रायव्हरचा हलणारा पडदा) हलताना त्या भोकातून हवा ये-जा करते, त्याच्यासमोर भोकाच्या व्यासाइतकी तरी मोकळी जागा ठेवावी. ड्रायव्हर आणि फळीच्या मध्ये १८ मिमीची एमडीएफ रिंग द्या, बरोबर ३ सेंमी मिळतील. पाय मात्र तेवढे उंच करावे लागतील. शिवाय गळतीही तपासा. डबा कडेवर उभा करून ३० हर्ट्झचा सूर बारीक लावा आणि स्क्रूच्या ओळीजवळून उदबत्ती फिरवा.

रत्नागिरी_हापूस: रिंग तरी प्लायची करा हो.

खर्जवेडा: फिरवली उदबत्ती. डाव्या कोपऱ्यात धूर सरळ वर न जाता तुटक तुटक उडतोय. तिथे सिलिकॉन भरू का?

रंधा: सिलिकॉन नको, मग फळी सहज निघायची नाही. खिडकीला लावतात ती फोमची पट्टी पूर्ण कडेने द्या आणि त्या कोपऱ्यात दोन स्क्रू वाढवा. फळी काढालच, तेव्हा खांबांच्या जागा पेन्सिलने आखून फोटो टाका. ड्रायव्हरसाठी फळीत भोक नेमकं कुठे कापलंय ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.