‘माउंट’ला काय म्हणावं? चढवणं, जोडणं की आरोहण?

खोपा: लिनक्स सर्व्हरच्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय. कर्नल (लिनक्सचा मूळ प्रोग्राम) कोसळला की राखीव मेमरीत दुसरा छोटा कर्नल उठतो आणि पहिल्याची मेमरी डिस्कवर उतरवून ठेवतो. त्यासाठी आधी फाइलसिस्टम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) माउंट व्हावी लागते, म्हणजे तिच्यात वाचता-लिहिता येईल अशी खुली व्हावी लागते. मी लिहिलं, ‘फाइलसिस्टम चढली नाही तर’. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘आरोहण अयशस्वी झाल्यास’ केलं. तुम्ही काय लिहाल?

अश्वत्थ: आरोहणच. ध्वजारोहण पोराटोरांनाही कळतं. महापौर, दिनांक हेही घडवलेलेच शब्द, रुळले की!

रात्रपाळी: ‘आरोहण अयशस्वी’ वाचून मला वाटलं, गिर्यारोहक अर्ध्यातून परतले. आम्ही ‘माउंट झालं नाही’ म्हणतो, तेच लिहा. शब्दापेक्षा एक गोष्ट ठळक छापा: माउंट फसलं तर केडम्प (ही मेमरी उतरवून ठेवणारी सोय) बहुतेक वेळा सरळ रीबूट करतो आणि मेमरीतला पुरावा कायमचा जातो. फेल्युअर अ‍ॅक्शनला (फसल्यावर काय करायचं ते ठरवणारी सेटिंग) ‘शेल’ दिलं तर आज्ञा टाइप करून हाताने काही वाचवता येतं, ‘डम्प टू रूटएफएस’ दिलं तर तो रूटवर, म्हणजे मुख्य फाइलसिस्टमवर, लिहून बघतो. आमच्याकडे डिस्क बदलली, तिचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) बदलला, पण केडम्पची इनिटरॅमएफएस (दुसरा कर्नल उठताना लागणारी छोटी फाइलसिस्टम) कुणी नव्याने बांधली नाही. पुढे सर्व्हर पडला तेव्हा व्हार-क्रॅशमध्ये (उतरवलेली मेमरी ठेवायच्या फोल्डरात) काहीच नव्हतं.

जुनी_रीळ: खोपाताई, ‘चढवणं’ सोडू नका. आमचे बाबा संगणककक्षात होते. ताटाएवढं रीळ खुंटीवर बसवायचं, अर्धा इंच रुंदीची फीत बोटांनी ओवायची, याला ते ‘टेप चढवणे’च म्हणत. रिळामागे प्लास्टिकची कडी नसेल तर त्यावर लिहिताच येत नसे. इंग्रजीतलं माउंटही या हातच्या कामातूनच आलंय. खोगीर चढवतो, आधण चढवतो, मग डिस्क का नाही?

अश्वत्थ: मग अनमाउंटला ‘उतरवणे’ म्हणणार? खोपाताईंनी मेमरीही ‘उतरवून’च ठेवलीय. एकाच पानावर दोन अर्थ!

खोपा: हे खरंच अडलं. ‘जोडणे-सोडवणे’ करू का?

रात्रपाळी: जोडलेली डिस्कसुद्धा माउंट नसू शकते. केबल लावली म्हणजे झालं असं वाचणारा समजेल.

सातबारा: डम्पला, म्हणजे उतरवलेल्या मेमरीला, ‘उतारा’ म्हणा. तलाठ्याकडून आणतो तसा, होता तसा उतरवून घेतलेला.

जुनी_रीळ: आमच्याकडे उतारा तिठ्यावर ठेवतात, लिंबू-भातासकट. मला ‘पंचनामा’ पटतो.

सातबारा: पंचनाम्यात पंचांनी पाहिलेलं लिहितात. इथे मेमरी जशीच्या तशी घेतात, पाहणारा नंतर येतो. उताराच!

अश्वत्थ: आणि ‘कर्नल कोसळला’ हे कुणालाच खटकलं नाही? माझे काका सैन्यात कर्नल होते. ‘गाभा’ लिहा.