मदत हवी आहे : कुंडीचे टवके उडत आहेत आणि तळ तडकतो आहे, शेतातली काळी माती मात्र सोडायची नाही

सर्वांना नमस्कार.

मी बेळगावात राहते आणि गेली चार वर्षे हौसेने मातीकाम करते. आमचा सात जणांचा एक गट आहे. त्यांतल्या दोघांच्या घरात कुंभारकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे आणि बाकीचे आम्ही पाच जण त्यांच्याकडे पाहून शिकलेले आहोत. यंदा पावसाळ्यात आम्ही आपसांत एक आव्हान ठरवले. प्रत्येकाने चाक न वापरता, केवळ हाताने, झाड लावण्याची एक कुंडी घडवायची. भाजून झाल्यावर तिची उंची निदान २५ सेंटिमीटर भरली पाहिजे, माती विकतच्या पाकिटातली नसावी, आपल्याच जिल्ह्यातली असावी, आणि गल्लीतल्या ज्या घराचे नाव आपल्या चिठ्ठीत येईल त्या घराला ती कुंडी दिवाळीच्या पाडव्याला द्यावी. यात क्रमांक नाहीत आणि बक्षीसही नाही. कोणाची कुंडी बिघडली तर बाकीचे सहा जण मदतीला येतात, आणि मला हा उपक्रम मनापासून आवडण्याचे कारणही तेच आहे.

माझ्या चिठ्ठीत आमच्या शेजारच्या अज्जींचे घर आले. त्या मूळच्या बैलहोंगलकडच्या. घरात कन्नड बोलतात आणि आमच्याशी मराठी. कुंडी आपल्यासाठी होणार आहे हे कळल्यावर त्यांनी भाच्याकडून माहेरच्या शेतातली काळी माती, जिला त्या एरे मण्णू म्हणतात, पोतेभर मागवून घेतली आणि माझ्या हाती देत म्हणाल्या, "माझ्या वडिलांच्या शेतातली आहे बाळ, कुंडीत हीच घाल. मी तिच्यात मोगरा लावीन." माझ्या प्रश्नाचे मूळ या पोत्यात आहे, म्हणून हे इतके सविस्तर लिहिले.

माझ्याकडे आधीपासून खानापूरची तांबडी माती होती. ती एकटी वापरली तर वळ्या करताना फाटते. म्हणून कोरड्या वजनाने ६ भाग तांबडी आणि ४ भाग काळी असे मिश्रण केले. दोन्ही माती कुटून रव्याच्या चाळणीतून चाळली, दोन दिवस भिजत घातली आणि नीट मळली. मिश्रण हाताला इतके गुळगुळीत लागत होते की माझा प्रश्न सुटला असे मला वाटले. त्या मातीच्या वळ्या एकावर एक रचून मी तीन कुंड्या घडवल्या. भिंतीची जाडी सुमारे १० मिलिमीटर होती आणि वजन पेलावे म्हणून तळ १८ मिलिमीटर ठेवला. कुंड्या प्लायवुडच्या फळीवर पडवीत चार दिवस ठेवल्या. पाचव्या दिवशी बऱ्याच दिवसांनी कडक ऊन पडले, तेव्हा त्या अंगणात हलवल्या आणि कोरड्या झाल्यावर तळाला गिरमिटाने भोक पाडले.

त्यांतल्या दोन कुंड्या भाजण्यापूर्वीच गेल्या. एकीच्या तळाला भोकापासून कडेपर्यंत सरळ चीर पडली, दुसरीला तळ आणि भिंत जिथे जोडली होती तिथे कमानीसारखा तडा गेला. तिसरी एका मैत्रिणीच्या विजेच्या भट्टीत ९५० अंश सेल्सिअसला भाजली. ती उत्तम निघाली. टिचकी मारल्यावर खणखणीत वाजत होती. आठव्या दिवशी मात्र तिच्या भिंतीवरून हरभऱ्याच्या डाळीएवढा टवका आपोआप उडाला आणि त्या खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला. आज पंधरावा दिवस आहे आणि असे अकरा टवके उडाले आहेत.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हे टवके कशामुळे उडतात आणि जी कुंडी भाजून झाली आहे ती वाचवता येईल का? तळ तडकण्याचे कारण माती आहे की माझी पद्धत? आणि अज्जींची माती कुंडीत ठेवून हे सारे टाळण्याचा काही मार्ग आहे का? गटातल्या एकांनी सुचवले की काळी माती सोडून द्यावी आणि अज्जींना काही सांगू नये. ते मला करायचे नाही.

प्रतिसाद १ (खानापूर तालुका)

ताई, तुम्ही पांढऱ्या ठिपक्याचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण त्या एका खुणेवरून दोष ओळखता येतो. तो चुना आहे. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, म्हणजे खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे, पावसाने धुऊन निघालेली तांबडी, जांभ्याची माती आहे आणि तिच्यात चुना जवळजवळ नसतो. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडे जसजसे जावे तसतशी काळी माती लागते आणि तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात. खडा कच्च्या मातीत निरुपद्रवी असतो. भट्टीत ८०० ते ९०० अंशांच्या दरम्यान त्याचा कळीचा चुना होतो, आणि पुढे हवेतला दमटपणा शोषून तो फुगतो. भाजलेली भिंत फुगू शकत नाही, म्हणून खड्यावरचा पापुद्रा फेकला जातो. त्याला काही दिवस लागतात, म्हणून भट्टीतून काढताना तुम्हाला काहीच दिसले नाही. गोरोबाकाकांच्या थापटीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नादावरून कच्चे आणि पक्के कळते हे खरे आहे, पण भिंतीत दडलेला चुन्याचा खडा नादाला कळत नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर काळ्या मातीतले पांढरट खडे वेचून बशीत ठेवा आणि त्यांवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फेस आला तर चुनाच आहे. घरात व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रसही चालेल.

रव्याच्या चाळणीतून जाणारा खडासुद्धा टवका उडवण्याइतका मोठा असतो. माती कोरडी चाळण्याऐवजी भरपूर पाण्यात कालवून ताकासारखी पातळ करा, जड खडे तळाशी बसू द्या, वरची गढूळ माती जुन्या धोतराच्या किंवा सुती साडीच्या कापडातून गाळा आणि मग निवळू द्या. कापडातून जाणारा चुना इतका बारीक असतो की तो मातीत सगळीकडे सारखा पसरतो आणि टवके उडवत नाही. आमच्याकडे घरच्या कामासाठी माती अशीच गाळतात. याला कंटाळा केला तर पुढचे सगळे श्रम वाया जातात, हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलो आहे.

भाजलेली कुंडी वाचेल असे मी सांगणार नाही. चुना असलेल्या मातीच्या विटा भाजल्याबरोबर पाण्यात पूर्ण बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे आतला चुना एकदम विरतो आणि हळूहळू फुगत नाही. पण ते भट्टीतून काढल्या काढल्या करावे लागते. तुमच्या कुंडीला पंधरा दिवस झाले आहेत, तेव्हा ती स्वतःजवळ नमुना म्हणून ठेवा, अज्जींना देऊ नका.

प्रतिसाद २ (निपाणी)

तळाच्या तड्यांबद्दल लिहिते. मी माती शिकवते आणि दरवर्षी निम्म्या विद्यार्थ्यांच्या कुंड्या याच जागी तडकतात.

माती वाळताना आकसते. भिंत १० मिलिमीटर आणि तळ १८ मिलिमीटर असेल तर भिंत आधी आकसते, ओला तळ मागे राहतो आणि जोडावर ओढ बसते. तुमच्या दुसऱ्या कुंडीला कमानीसारखा तडा गेला तो याचमुळे. शिवाय ओला तळ प्लायवुडला चिकटतो आणि त्याला मध्याकडे सरकता येत नाही. फळीवर वर्तमानपत्राचा कागद घालून त्यावर कोरड्या वाळूचा पातळ थर द्या, म्हणजे तळ आकसताना सरकत राहील. तळाची जाडी भिंतीएवढीच ठेवा. मजबुती जाडीतून येत नाही, दाबण्यातून येते. तळाची चकती लाकडी पट्टीने सर्व दिशांनी दाबून घ्या आणि जोडाच्या आतल्या कोपऱ्यात मातीची बारीक वळी भरून ती बोटाने बसवा.

वाळवण्याची घाई तर मुळीच करू नका. पावसाळ्याच्या दमट हवेत चार दिवस राहिलेली कुंडी आतून ओलीच असते, आणि तिला एकदम कडक ऊन दाखवले की वरची बाजू तासाभरात वाळते. पहिले तीन दिवस प्लास्टिकखाली ठेवा, चामड्यासारखी घट्ट झाली की उलटी करून तळ उघडा करा आणि काठावर ओलसर फडके राहू द्या. भोकही याच अवस्थेत पाडायचे असते. कोरड्या मातीत गिरमीट घातले की कडेला न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि त्यांतलीच एखादी कडेपर्यंत धावते. तुमची पहिली कुंडी अशी गेली असावी. मोगऱ्याला पाणी साचलेले मुळीच सोसत नाही, म्हणून एका मोठ्या भोकाऐवजी १२ मिलिमीटरची तीन भोके ठेवा, त्यांच्या कडा ओल्या बोटाने गोल करा आणि कुंडीला खाली तीन बुटके पाय द्या, म्हणजे भोके जमिनीला टेकून बंद होणार नाहीत.

एक विचारते, कुंडीचे तोंड आत वळवलेले आहे का? तसे असेल तर दोन-तीन वर्षांनी मोगरा बदलताना मुळांचा गड्डा बाहेर निघणार नाही आणि कुंडी फोडावी लागेल. तोंड सरळ किंवा थोडे बाहेर पसरलेले ठेवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. व्हिनेगरची परीक्षा काल रात्रीच केली. वेचलेल्या नऊ खड्यांपैकी आठांवर लगेच फेस आला. तोंड आत वळवलेलेच होते, तेही आता बदलेन.

आकसण्याबद्दल वाचल्यावर मी तिन्ही मातींच्या पट्ट्यांवर १० सेंटिमीटरची रेघ ओढून त्या सावलीत वाळवल्या. चार दिवसांनी मोजले तेव्हा तांबड्या मातीवरची रेघ ९.४ सेंटिमीटर, मिश्रणाची ९.१ आणि निव्वळ काळ्या मातीची ८.७ भरली, काळ्या मातीची पट्टी शिवाय वाकली आणि दोन ठिकाणी चिरलीही. म्हणजे चुना गाळून काढला तरी ४० टक्के काळी माती फार होते असे दिसते. मग किती घालावी?

प्रतिसाद १ (खानापूर तालुका)

रेघ ओढून मोजलेत हे उत्तम केलेत. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा ज्या मातीला पडतात, ती कुंडीतही तशीच वागणार. गाळलेली काळी माती १० ते १२ टक्क्यांवर नेऊ नका. तेवढीही तांबड्या मातीला चिकटपणा द्यायला पुरते, तुमच्या वळ्या फाटणार नाहीत. त्यात भाजलेल्या मातीचा चुरा १५ टक्के घाला. तो आकसत नाही, त्यामुळे आकसणे कमी होते आणि आतली वाफ बाहेर पडायला वाट मिळते. हा चुरा टवके उडालेल्या कुंडीचा करू नका, त्यात चुना आहे. खानापूरच्या फुटक्या कौलांचा करा.

अज्जींची माती डोळ्यांना दिसावी असे वाटत असेल तर आणखी एक करता येईल. गाळलेली काळी माती सायीइतकी दाट ठेवा आणि कुंडी चामड्यासारखी घट्ट असतानाच बाहेरून ब्रशाने दोन पातळ हात द्या. कुंडी कोरडी झाल्यावर लावलीत तर लेप सोलून निघेल, कारण तो आकसेल आणि खालची भिंत आकसणार नाही. भाजल्यावर ती काळी राहणार नाही, तिच्यातल्या लोहामुळे तपकिरी तांबूस होईल, हे अज्जींना आधी सांगून ठेवा. आधी एका पट्टीवर लावून, भाजून, पंधरा दिवस वाट पाहा. भाजताना १२० अंशांपर्यंत सावकाश जा आणि ५५० ते ६०० अंशांच्या टप्प्यात घाई करू नका. ५७३ अंशांना मातीतल्या वाळूचे कण एकाएकी फुगतात आणि निवताना त्याच ठिकाणी आकसतात. कुंडी बाहेर काढली की लगेच तासभर पाण्यात बुडवून ठेवा. खानापूरला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था आहे, तिथेही एकदा जाऊन या.

धागाकर्ती

कळवण्यास उशीर झाला, क्षमा असावी. काळी माती साडीच्या कापडातून दोनदा गाळली. अज्जी स्वतः पाटावर बसून कापड धरायला आल्या होत्या, आणि कापडात राहिलेले खडे पाहून त्यांनीच सांगितले की त्यांच्या माहेरी घरे सारवायच्या मातीतूनही हे खडे वेचून टाकीत असत. लेप भाजल्यावर तांबूस होईल हे त्यांना सांगितले, त्यांना ते चालणार आहे. लेप दिलेली पट्टी भाजून आज सतरा दिवस झाले, एकही टवका उडालेला नाही.

नवी कुंडी २८ सेंटिमीटर उंच घडवली आहे, म्हणजे आकसूनही ती २५ च्या खाली जाणार नाही. तळ १० मिलिमीटर, तीन भोके, तीन पाय, तोंड सरळ. ती आज सकाळी उलटी केली, तळाला चीर नाही, आणि लेपाचा पहिला हात दिला आहे. पाडव्याला अजून सोळा दिवस आहेत. त्यांतले आठ वाळवण्यासाठी ठेवले आहेत आणि भट्टीचा दिवस मैत्रिणीकडे ठरवून आले आहे.