अनुभव धागा: मिठीकाठचं कुर्ला

कुर्ल्याचा विषय निघाला की सगळे २६ जुलै २००५ च्या पुरावर येतात. तेही सांगाच, पण मिठी नदीकाठी इतर दिवस कसे जातात तेही लिहा. चुनाभट्टीपासून क्रांतीनगरापर्यंत सगळ्यांना आमंत्रण. माहीमकरांनाही.

क्रांतीनगर
विहार तलाव भरला की बाकी मुंबई खूश होते. आमच्याकडे त्या दिवशी भरतीच्या वेळा फळ्यावर लिहिल्या जातात. वरून तलावाचं पाणी, खालून समुद्राची भरती आणि मध्ये पाऊस, तर नदीनं जायचं कुठे? मग पालिकेची माणसं येतात, शाळेत चला म्हणतात. बाया-पोरं जातात. बाबा मात्र माळ्यावर टीव्ही चढवून तिथंच बसतात. रेशनकार्ड, दाखले, लाइटबिलं यांची पिशवी जून लागला की आई खुंटीवर अडकवते. भरलेला सिलिंडर बांधून ठेवायचा, हे नव्या सुनेला पहिल्या पावसाळ्यातच शिकवतात.

चुनाभट्टी
आमच्याकडे नदीपेक्षा मिलचा भोंगा मोठा होता. आजोबा स्वदेशी मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. जमशेटजी टाटांनी १८८६ साली धरमसी मिल घेतली, तीच ही. आणि देशातली पहिली विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून कुर्ल्यालाच आली, हे आजोबा प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. नदीबद्दल त्यांच्या तोंडून एक अक्षर कधी ऐकलं नाही.

हलाव पूल
मी २६ जुलैचंच लिहिणार, माफ करा. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे नंतर कळलं. त्या दुपारी एवढंच कळलं की पाणी दारातून आलंच नाही, मोरीतून वर आलं. आम्ही उंबऱ्यावर गोणपाट लावत बसलो होतो! रात्र वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे काढली. चाळीतल्या सगळ्यांचे डबे एकत्र करून खिचडी झाली, कोणाचे तांदूळ आणि कोणाची डाळ, हिशेब कोणी केला नाही. पाणी उतरल्यावरचे दिवस जास्त वाईट. किराणा दुकानातलं भिजलेलं धान्य कुजत होतं, गाद्या रस्त्याला लागल्या होत्या आणि घरटी एकाला तरी ताप. लेप्टो (पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) हा शब्द तेव्हा पोरांनाही पाठ झाला. पंचनाम्याला आलेल्या माणसानं विचारलं, फ्रिज किती जुना? आई म्हणाली, तुमच्या नोकरीपेक्षा जुना.

आता मानखुर्द
पुरानंतर नदीचं रुंदीकरण निघालं, त्यात आमचं घर गेलं. नदी रुंद व्हायलाच हवी होती, मान्य. पण काठावर आमची झोपडीच तेवढी नव्हती. विमानतळाची धावपट्टी नदीवर आहे, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) खाजणात भराव टाकून उभं राहिलं. ते कुणी हलवलं? इथं घर कोरडं आहे, पण धुणीभांडी करणाऱ्या बायकोची कुर्ल्यातली सगळी कामं सुटली.

धारावी कोळीवाडा
अहो कुर्लेकर, तुम्ही वरचे, आम्ही खालचे. तुम्ही सोडलेलं सगळं आमच्याच पुढ्यात येतं. आमची आजी खाडीतली कोळंबी आणि चिंबोऱ्या पाटीत घेऊन दारोदार विकायची. आता जाळं टाकलं की आधी प्लास्टिक निवडायचं. काळा किल्ला तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? १७३७ चा शिलालेख आहे त्याच्यावर, गव्हर्नर जॉन हॉर्नच्या नावाचा. इंग्रजांनी नदीवर नजर ठेवायला बांधला होता.

क्रांतीनगर (पुन्हा)
मानखुर्दवाले दादा, नदीकाठी भिंत बांधल्यापासून पाणी कमी येतं असं आमच्या गल्लीत निम्मे म्हणतात. उरलेले निम्मे म्हणतात, येतं तेवढंच, पण आता भिंतीमुळे लवकर परत जात नाही. बाबा दुसऱ्या गटात आहेत.