ग्राहक कंपनी एनसीएलटीत गेली, माझ्या १४ लाखांचं काय?

अंबडचा खोकीवाला: नाशिकला अंबड एमआयडीसीत माझा कोरुगेटेड खोक्यांचा कारखाना आहे. एका कंपनीकडे १४ लाख अडकलेत आणि बँकेने तिला एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) नेलंय, पेपरात जाहीर नोटीस आली. दिवाळखोरी संहिता उघडली तर २५५ कलमं! कुठून वाचू? कोणी म्हणतं, १ कोटीच्या आतल्यांना दारच बंद.

माजी वसुली अधिकारी: दादा, दार बंद नाही. १ कोटीची अट (मार्च २०२० पूर्वी १ लाख) कंपनीला तिथे खेचण्यासाठी आहे. दुसऱ्याने खेचल्यावर दावा कितीही रकमेचा लावता येतो. तुम्ही ऑपरेशनल क्रेडिटर (मालाचे पैसे येणं असलेले), म्हणजे दाव्यासाठी फॉर्म बी. आधी नोटिशीतली शेवटची तारीख बघा. पीओ (खरेदीची ऑर्डर), सही-शिक्क्याची चलनं, बिलं, जीएसटी विवरणपत्रं जोडा.

२०१६ च्या संहितेचे पाच भाग आहेत. तुमचा दुसरा, कलम ४ ते ७७. त्यातलं १४ वाचा : वसुलीचे दावे थांबतात, म्हणून आता दिवाणी कोर्टात पैसे घालू नका. मग २१ : धनकोंच्या समितीत मत फक्त कर्ज देणाऱ्यांना. बँकेतर्फे मी या बैठकांना बसलोय. मालाचा पैसा बुडालेले पुरवठादार तिथे नसायचे, आणि कंपनीचं भवितव्य ६६ टक्के मतांवर ठरायचं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. शेवटी ५३ : कंपनी मोडीत निघाली तर कोणाला आधी. कामगारांचे २४ महिन्यांचे पैसे तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने आहेत, ते योग्यच. तुम्ही मात्र सरकारी देण्यांच्याही खाली. कंपनी वाचवायची योजना मंजूर झाली, तर त्यात तुम्हाला किमान मोडीत मिळालं असतं तेवढंच मिळण्याची हमी आहे, आणि बऱ्याचदा ते शून्य असतं. तरी दावा लावाच, न लावणाऱ्याला मागायलाही जागा उरत नाही.

सातपूरचा फॅब्रिकेटर: माझा थकवणारा प्रोप्रायटर आहे, कंपनी नाही. मला व्यक्तींसाठीचा तिसरा भाग ना?

माजी वसुली अधिकारी: छापलाय, पण लागू फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना, १ डिसेंबर २०१९ पासून. प्रोप्रायटरला अजून १९२० चाच प्रांतिक नादारी कायदा. त्यापेक्षा उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर एमएसएमई समाधानवर, म्हणजे थकलेल्या बिलांच्या सरकारी तक्रार व्यवस्थेकडे जा. ४५ दिवसांपुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं.

अंबडचा खोकीवाला: आज रात्रीच चलनं काढतो. व्याज धरू का?

माजी वसुली अधिकारी: बिलावर किंवा पीओवर अट असेल तर धरा, पण एनसीएलटीने बँकेचा अर्ज मंजूर केला त्या तारखेपर्यंतच.