‘भाषेचा आळस नडतो’ म्हणणाऱ्यांना

सांगलीची सिस्टर: काल या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, जर्मनीत आपली माणसं मागे पडतात ती फक्त भाषेच्या आळसामुळे. रात्रभर डोक्यातून गेलं नाही. मी जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा पास होऊन आले. मिरजेत नऊ वर्षं आयसीयूत काढलेली. इथे जर्मनीत कागद तपासून पत्र आलं : वृद्धसेवेचे तास कमी, नर्स म्हणून मान्यता नाही. चौदा महिने हेल्पर होते. अंघोळी घातल्या, डायपर बदलले. त्यात कमीपणा नाही, पण सलाईनला हात लावायची मुभा नव्हती आणि पगारही हेल्परचाच. यात माझा आळस कुठला?

श्टुटगार्टकर: ते मीच लिहिलं होतं. ताई, रोख तुमच्यावर नव्हता. पण बाहेरची नर्स आपल्याकडे आली तर नर्सिंग काउन्सिलच्या नोंदणीशिवाय तिला आयसीयूत घ्याल का? मला बढती मिळाली ती जर्मन सुधारल्यावरच. तुर्की लोक बघा, साठ वर्षं झाली तरी दुभाष्या लागतो.

बर्लिनवासी: तुर्कांवर घसरायचं कारण नाही. तुर्की कामगार आणायच्या १९६१च्या करारात दोन वर्षांनी परत पाठवायची अट होती, बायकामुलं आणायची सोय नव्हती. परत जाणाऱ्याला भाषा कोण शिकवतो?

श्टुटगार्टकर: ती अट १९६४मध्येच गेली. पुढे काय अडलं होतं?

बर्लिनवासी: २००० सालापर्यंत इथे जन्मलेल्या त्यांच्या पोरांनाही जन्माने नागरिकत्व नव्हतं, हे अडलं होतं! माझ्या वरच्या मजल्यावरचे आजोबा तीस वर्षं कारखान्यात रात्रपाळी करत होते. क्लासला कधी जाणार होते? ऑफिसात बसून बोलणं सोपं असतं.

श्टुटगार्टकर: ऑफिस नाही, लेथवर उभा असतो मी. रात्रपाळी करूनच शिकलो. माहिती नसताना बोलू नका.

बर्लिनवासी: ठीक, ते चुकलं माझं. पण २०२०मध्ये ग्यूटर्सलोच्या कत्तलखान्यात दीड हजारावर कामगारांना कोविड झाला, ते बहुतेक रुमानिया-बल्गेरियाचे. युरोपचेच नागरिक, व्हिसाचीही गरज नाही. तरी ठेकेदाराच्या हाताखाली, एकेका खोलीत दाटीने. २०२१मध्ये कायद्याने कत्तलखान्यांतली ठेकेदारी बंद झाली. भाषेचे क्लास काढून नाही झाली.

नाशिकचा वायरमन: तुमचं तुर्कांचं नंतर मिटवा. फेब्रुवारी २०२४मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, दहा हजार माणसं म्हणाले. माझं आयटीआय झालंय, जर्मनचं ए-टू झालंय. एजंट दीड लाख मागतोय. तिथे गेल्यावर मी वायरमन राहणार की हमाल?

श्टुटगार्टकर: इथलं इलेक्ट्रिशियनचं शिक्षण साडेतीन वर्षांचं, आयटीआय दोनचं. पूर्ण मान्यता मिळेल असं धरून चालू नका. आणि ताई, ‘फक्त’ हा शब्द मागे घेतो. भाषेचं म्हणणं सोडणार नाही.

सांगलीची सिस्टर: नका सोडू, मीही पोरींना तेच सांगते. वायरमन भाऊ, एजंटला रुपयाही देऊ नका. मान्यतेचा अर्ज तिथूनच करा, निकाल हातात आल्यावरच तिकीट काढा. आणि नोकरीच्या करारात ‘मुदतीआधी नोकरी सोडल्यास खर्च परत’ असं कलम आहे का बघा. माझ्या करारात होतं, सही करताना मी वाचलं नव्हतं. नाव झाकून फोटो टाका, बसून वाचू.