पदवीधर मतदान, १ डिसेंबर २०२०: कोरोनात केंद्रावर जाणं कितपत सुरक्षित?

धंतोलीकर
मंगळवारी विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाचं मतदान. बाबा ७४ वर्षांचे, मधुमेह आहे, यादीत नाव आहे. कोरोनाची सप्टेंबरची लाट ओसरली, पण दिवाळीत बाजारात काय गर्दी होती ते सगळ्यांनी पाहिलं. बंद वर्गखोली, मत लिहायला शेकडो हातांतून फिरणारा एकच स्केचपेन आणि दारात कपाळावर रोखलेलं ते ताप मोजायचं यंत्र. याला सुरक्षा म्हणायचं का? ८० च्या पुढची टपाली सोय बाबांना लागू नाही, ६५ ची टूम निघाली होती ती जुलैतच बारगळली. जाऊ द्यावं की नाही? ‘काळजी घ्या’ छाप उत्तरं नकोत.

खिडकी_उघडा
शंका रास्त आहे, फक्त रोख चुकतोय. पेन हा किरकोळ धोका. बाहेर आल्यावर हात सॅनिटाइझ केले आणि तोवर तोंडाला लावले नाहीत की तो संपला. खरा धोका हवेचा, म्हणजे आत किती माणसं, किती वेळ आणि खिडक्या उघड्या की बंद. नागपुरात सकाळी ८ ला थंडी असते, कर्मचारी खिडक्या लावून घेतात. केंद्राध्यक्षांना सरळ सांगा, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा म्हणून. नियमात न बसणारं काही मागत नाही आपण.

ताप मोजण्यावर माझाही भरवसा नाही. लक्षणं नसलेला किंवा पॅरासिटामॉल घेतलेला माणूस बिनदिक्कत आत जातो. उलट हेल्मेट काढल्या काढल्या किंवा उन्हातून आल्या आल्या मोजलं तर आकडा उगाच चढतो. दोनदा जास्त आला की टोकन देऊन शेवटच्या तासाला बोलावतात, आणि बाबांनी नेमका तोच तास टाळायचा आहे. पाच मिनिटं सावलीत थांबून मग रांगेत लागा.

मास्क तीन पदरी किंवा बिनव्हॉल्वचा एन-९५. चष्म्यावर वाफ धरत असेल तर नाकापाशी फट आहे, तार दाबून बसवा. ओळख पटवायला मास्क खाली करायला लावतील, तेवढ्या क्षणात बोलायचं नाही.

बूथवाला
वेळेचं गणित मांडतो. मतदान ८ ते ५, म्हणजे ५४० मिनिटं. समजा केंद्रावर ७०० नावं आणि ६० टक्के लोक आले, तर ४२० मतदार. सरासरी ७७ सेकंदांना एक. दिवसभर सारखे आले तर रांग लागणारच नाही. पण येत नाहीत ना! उघडल्या उघडल्या झुंबड, ऑफिस सुटायच्या सुमारास पुन्हा झुंबड. त्यात हे ईव्हीएम नाही, मतपत्रिका आहे. लोक पडद्यामागे उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लावत बसतात, वेळ तिथेच जातो.

म्हणून बाबांना १२ ते २ च्या दरम्यान न्या. ४ ते ५ हा तास पॉझिटिव्ह आणि क्वारंटाइनमधल्या मतदारांसाठी. यादीतला अनुक्रमांक आणि खोली क्रमांक आधीच कागदावर लिहून द्या; आधार, पॅन, लायसन्स यांतलं एखादं मूळ कागदपत्र वरच्या खिशात. पसंतीही घरीच पक्की करा. फक्त १ लिहिला तरी मत वैध. पुढचे आकडे ऐच्छिक.

साशंक_महाल
रांगेतली वर्तुळं आखलेली असतात, त्यात कोणी उभं राहतं काय? काऊन उगाच धीर देता. एप्रिलमध्ये अमेरिकेत मिलवॉकीला १८० च्या जागी पाचच केंद्रं उघडली होती, तासन्‌तास रांगा लागल्या.

खिडकी_उघडा
ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. केंद्रं घटवली म्हणून रांग वाढली. त्याच महिन्यात, १५ एप्रिलला, दक्षिण कोरियात ६६ टक्के मतदान झालं; मास्क, हातमोजे, अंतर ठेवून, आणि मतदानामुळे संसर्ग पसरल्याचं आढळलं नाही. अर्थात तिथे तेव्हा रुग्णच कमी होते, आपल्याकडे तसं नाही, हेही मान्य. म्हणून माझं मत असं: बाहेर दहापेक्षा जास्त माणसं दिसली तर बाबांना गाडीतच बसवा, रांग ओसरली की उतरवा. आत फार तर पाच मिनिटं. आवारात भेटीगाठी, चहा काहीही नको. मास्क उतरतात ते तिथेच.

धंतोलीकर
हे पटतंय. घरचा जांभळा स्केचपेन नेला तर?

बूथवाला
अजिबात नाही! केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या पेनानेच आकडा टाकायचा, दुसऱ्याने टाकला की मत बाद. बरोबरची खूण, सही, अंगठाही नको.

आणखी एक, जे सहसा कोणी सांगत नाही: सॅनिटायझर हातावर ओला असताना मतपत्रिका धरू नका, आकडा फिसकटतो. बोटावरची शाईही ओल्या कातडीवर नीट धरत नाही. हात पूर्ण कोरडे होऊ द्या. आकडा वाळल्यावरच घडी घाला, नाहीतर त्याचा ठसा समोरच्या उमेदवाराच्या रकान्यात उमटतो आणि मोजणीच्या टेबलावर वाद होतो.