बिअरच्या चोथ्याचे बन विटेसारखे का होतायत?

रामबागची_सून
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. माझा चुलत दीर इथल्या एका पबमध्ये बिअर बनवायच्या कामाला लागलाय, तिथे बार्लीचा चोथा पोत्यांनी निघतो आणि गुरांना जातो, तर परवा तो डबाभर घरी घेऊन आला, म्हणे वहिनी याचे पाव मस्त होतात. वास खरंच छान, भाजलेल्या सातूसारखा गोडसर. मी २ वाट्या कणीक (घरचाच कठिया गहू, चक्कीवरून दळलेला), २ वाट्या चोथा, यीस्ट, साखर, मीठ, दूध घेऊन मळलं, आधी गोळा घट्ट होता मग मळता मळता पातळच होत गेला म्हणून कणीक टाकत गेले, टाकत गेले... दोन तासांत फुगलं नाही फारसं, ओटीजीत वरून करपले आणि आत गिचका. शिवाय प्रत्येक घासाला दातात कुसं. सासूबाई म्हणाल्या, "बाफलेच करायचे होते तर आधी सांगायचंस, डाळ तरी लावली असती." (बाफले म्हणजे इथले उकडून भाजलेले कणकेचे गोळे.) आणि त्यांना शंका आहे की यात दारू आहे. आहे का हो?

ओटीजीवाले_काका
सूनबाई, घोळ पाण्याचा आहे. चोथा दिसायला मोकळा पण १०० ग्रॅममध्ये ७५-८० ग्रॅम पाणीच असतं, मळताना दाबलं की ते सुटतं आणि आपण पीठ ओतत बसतो. दुसरं म्हणजे त्यातला स्टार्च साखर होऊन बिअरकडे गेला, उरलं टरफल, फायबर न् थोडं प्रोटीन. हे काही फुगत नाही, उलट टरफलाच्या धारेने ग्लुटेनच्या (पिठाला ताण देणाऱ्या प्रोटीनच्या) तारा तुटतात. आणि कठिया गहू! लाडू-बाफल्याला त्याच्यासारखा नाही पण त्याचं ग्लुटेन ताणलं जात नाही, पावाला मैदाच हवा.
माझं माप: मैदा ४००, साधी कणीक १००, पंच्यात घट्ट पिळलेला चोथा १००, मीठ १०, इन्स्टंट यीस्ट ५, गूळ २०, लोणी ३०, सगळं ग्रॅममध्ये. कोमट दूध २५० मिली, त्यातल्याच थोड्या दुधात चोथा मिक्सरला फिरवून घ्या म्हणजे कुसं जातील. लागलं तर चमच्या-चमच्याने दूध वाढवा, एकदम नको. १०-१२ मिनिटं मळा, दुप्पट होऊ द्या (घड्याळ बघू नका, पीठ बघा), १४ गोळे होतात, पुन्हा फुगवून २०० डिग्रीला १८-२० मिनिटं. ओटीजी आधी तापलेला हवा, आणि वरचा रॉड जवळ असेल तर ट्रे खालच्या खणात.

बडोदेकरीण
आमच्याकडे दारूबंदी, त्यामुळे आम्ही हे वाचूनच खूश :) पण मुलगा पुण्यात याच धंद्यात आहे म्हणून सांगते, सासूबाईंना सांगा दारू अजिबात नाही. भरडलेली बार्ली साधारण ६५ डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवतात, गोड पाणी काढून घेतात, चोथा तिथेच बाजूला. यीस्ट नंतर त्या पाण्यात पडतं, दारू तेव्हा होते. कडू हॉप्ससुद्धा (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) नंतरच, म्हणून चोथा कडू लागत नाही.
काकांशी एका बाबतीत माझं पटत नाही, ओला वापरूच नये. १०० डिग्रीला ३-४ तास पातळ पसरून कुरकुरीत वाळवा, मधून मधून हलवा, मग मिक्सरला बारीक करून चाळा. हे पीठ मैद्याच्या १०-१५ टक्के, बास. मापही दरवेळी सारखं येतं.

ओटीजीवाले_काका
चार तास ओव्हन चालवायचा तर विजेचं बिल कोण भरणार ताई? :) आणि ओल्याने बन दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. ज्याची त्याची आवड. पण एक नक्की, इंदूरच्या एप्रिलात चोथा बाहेर ठेवू नका, एका दिवसात आंबूस वास मारतो. आणल्या दिवशीच पिळून १००-१०० ग्रॅमच्या पिशव्या फ्रीझरमध्ये.

पोहे_जलेबी
ग्लुटेन चालत नाही अशा पाहुण्यांना "बार्लीचा आहे" म्हणून वाढू नका हं, बार्लीतही असतं. माझ्या वहिनीने केलं होतं हे, पुढचं विचारू नका.

रामबागची_सून
काका, पिळल्यावर वाटीभर पाणी निघालं, मला लाजच वाटली. काल तुमच्या मापाने केले, बेकरीच्या लादीपावाएवढे हलके नाहीत पण आतून जाळीदार, रंग सुरेख तांबूस, आणि कुसं गायब. सासूबाईंनी दोन मटकीच्या उसळीबरोबर खाल्ले, तिसरा चहात बुडवला, तरी चतुर्थीला नकोच म्हणाल्या. ताई, तुमचं वाळवणही करून बघणारच आहे कारण दीर आज बादली भरून घेऊन आलाय आणि फ्रीझर थंडीतल्या मटारांनी गच्च आहे.